अक्षरांना लागलेला गंज

माळव्यातल्या जुन्या मराठी घरांतून, मग ते धारच्या एखाद्या पडक्या वाड्यातले असो की देवासच्या टेकडीखालच्या गल्लीतले, एक तरी बासन असतेच. लाल खारव्याचा चौकोनी तुकडा, चारी टोकांची घट्ट गाठ, आणि आत पणजोबांच्या वेळची कागदपत्रे : एखादी सनद, शेताच्या वाटणीचा कागद, लग्नाची याद, पत्रिका, वंशावळ, संस्थानच्या नोकरीतला नेमणुकीचा हुकूम. बासन उघडण्याचा प्रसंग बहुधा भाऊबंदकीने येतो, एरवी दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहिले की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. एखादे प्रकरण बासनात गुंडाळले असे आपण म्हणतो, त्यातला अर्थ काही उगाच रूढ झालेला नाही.

ज्यांनी असे बासन अलीकडे उघडले असेल त्यांच्या नजरेस एक विचित्र गोष्ट आली असेल. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा मोडीतला कागद हातात घेतला तर तो अजून लवचिक असतो, अक्षर काळेभोर व तकतकीत असते. कडा कसरीने खाल्ल्या असतील, पण मजकूर आपल्या जागी असतो. त्याच बासनातला, जेमतेम शंभर वर्षांपूर्वीचा, इंग्रजी धाटणीच्या टाकाने लिहिलेला कागद मात्र उलगडताना तडकतो. अक्षरे तांबूस-तपकिरी झालेली, पाठीमागून वाचता येतील इतकी आरपार उतरलेली, आणि जिथे टाकाने जाड रेघ ओढली तिथे कागदच नाही, नुसती अक्षराच्या आकाराची फट. देवासच्या भाषेत सांगायचे तर थोरली पाती धडधाकट आणि धाकटी पाती जर्जर! पुष्कळ घरांतून याचे खापर वाळवीवर वा ओलीवर फोडले जाते. वाळवी अक्षर पाहून खात नाही. इथे केवळ अक्षरच खाल्ले गेले आहे, भोवतालचा कोरा कागद शाबूत आहे. तेव्हा खाणारा बाहेरून आलेला नसून तो शाईतच आहे, हे उघड आहे.

आपल्या पूर्वजांची शाई काजळाची. तेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ डिंकाच्या पाण्यात तासन् तास खलायचे, आणि बोरूने लिहायचे. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. तो कशाशी संयोग पावत नाही, उन्हाने विटत नाही, कागदाच्या अंगात शिरत नाही, डिंकाच्या आधाराने वर बसून राहतो. कागदही चिंध्यांचा वा तागाचा, हाताने केलेला, खळ लावून गोट्याने घोटलेला. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा किंवा जुन्नरचा कागद दफ्तरांतून नावाजलेला होता. लेखन ही केवढी काळजीची क्रिया मानली जाई हे पाहायचे असेल तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढावा. समर्थांनी तो सारा समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यात अक्षराच्या वळणापासून बोरू, शाई, कागद यांच्या सामग्रीपर्यंत कशाचीही हयगय केलेली नाही. जुन्या शाईच्या काही कृतींत हिरडा, हिराकस किंवा लोखंडी भांड्यात उकळणे येते हे खरे, त्यामुळे प्रत्येक काळा कागद निर्धोक असेलच असे नाही. पण आमच्या पाहण्यातले बहुसंख्य मोडी कागद काजळाच्या पुण्याईवर उभे आहेत.

दुसरी शाई आली ती इंग्रजी अंमलाबरोबर. देवासच्या दोन्ही पात्यांशी इंग्रजांचा तह झाला डिसेंबर १८१८ मध्ये, आणि धारशी जानेवारी १८१९ मध्ये. सर जॉन माल्कम तेव्हा माळव्याची घडी बसवीत होता. ज्या धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, त्या धारचा कारभार त्याच बाजीरावाची गादी गेल्यानंतर काही महिन्यांतच इंग्रजी पत्रव्यवहाराच्या चाकोरीत आला. १८५७ नंतर धार संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये ते परत मिळाले, त्या जप्तीचा आणि सुटकेचा कागद किती खर्ची पडला असेल याची कल्पनाच करावी. देवासला तर एका गावात दोन राज्ये, तेव्हा दोन दरबार, दोन खजिने आणि दोन दफ्तरे. एजन्सीकडून येणारे खलिते गिरणीच्या कागदावर, इंग्रजी शाईत. हळूहळू संस्थानच्या कचेऱ्यांतूनही बोरू जाऊन पोलादी टाक आला आणि काजळाच्या जागी ती निळी-काळी शाई आली, जिला दुकानदार 'पर्मनंट' म्हणत. नाव मोठे अर्थपूर्ण होते. अक्षर पक्के राहिले, कागद तेवढा गेला.

या शाईचे घटक ऐकून वाचकांस नवल वाटेल, कारण ते निम्मे आपल्या बाळघुटीतले आहेत. ओकच्या झाडावर एक लहान माशी अंडी घालते, तिथे झाड गाठ धरते, ती गाठ म्हणजे मायफळ. मायफळ, किंवा त्याच्या अभावी हिरडा, यांत तुरट द्रव्य भरपूर असते. त्याचा काढा करून त्यात हिराकस, म्हणजे लोहाचे गंधकाम्लापासून झालेले हिरवे मीठ, घालावयाचे आणि बाभळीचा डिंक मिसळावयाचा. झाली शाई. आवळा लोखंडी कढईत टाकला की काळा पडतो, केळफूल विळीवर चिरले की बोटे आणि विळी काळी होतात, हे कोणत्या गृहिणीस ठाऊक नाही? तुरट द्रव्य आणि लोह भेटले की काळा रंग जन्मतो, एवढेच ते रसायन. ताजी शाई फिकी असते. लिहिल्यावर हवेतला प्राणवायू लागून ती काळी होत जाते. म्हणून तर विलायतेतल्या कारखानदारांनी लिहिताना अक्षर दिसावे यासाठी तीत निळा रंग घातला, आणि 'निळी-काळी' हे नाव पडले.

धार जिल्ह्यातल्या वाचकांना हेच रसायन कापडावर पाहावयास मिळते. बाग येथील छपाईत कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग हिराकस आणि चिंचोक्याची खळ यांचा लेप ठशाने उमटवला की त्या जागी काळी वेलबुट्टी उठते, तुरटीचा लेप असेल तिथे पुढे लाल रंग चढतो. खत्री कारागीर नंतर ते कापड वाहत्या पाण्यात पुन:पुन्हा धुतात. या धुण्यात एक मर्म आहे. कापड धुतले जाते, त्याबरोबर जास्तीचे आम्ल आणि न मुरलेले लोह वाहून जाते. कागदाच्या नशिबी ते धुणे नाही. शाईत जे काही असेल ते सारे कागदातच वाळते आणि तिथेच राहते. इतके धुऊनही जुन्या छापील कापडांत, आपल्याकडच्या कलमकारीत काय किंवा युरोपच्या संग्रहालयांतल्या भारतीय छिटांत काय, प्रथम विरते ती काळी रेघ, लाल फूल मागे राहते.

आता ही शाई कागद खाते म्हणजे नेमके काय करते? हे समजून घेतल्यावाचून उपायाची चर्चा व्यर्थ आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब माळा. माळ जितकी लांब तितका कागद चिवट. शाई तयार होताना हिराकशीतले लोह तुरट द्रव्याशी बांधले जाते आणि गंधकाम्ल मोकळे सुटते. हे आम्ल माळेचे मणी पाण्याच्या साहाय्याने तोडत राहते. हा पहिला शत्रू, आणि पुष्कळ काळ हाच एकटा शत्रू आहे अशी समजूत होती. दुसरा शत्रू अधिक कपटी आहे. जुन्या शाया करणारे हिराकस प्रमाणाबाहेर टाकीत, अक्षर अधिक काळे व्हावे म्हणून. मग सगळे लोह बांधले जात नाही, काही मोकळे राहते. हे मोकळे लोह हवेतल्या प्राणवायूला सेल्युलोजवर घालते, त्यातून आणखी जहाल द्रव्ये उत्पन्न होतात, माळा तुटतात, आणि लोह स्वत: मात्र खर्ची न पडता पुढच्या माळेकडे वळते. दोन घरांत कलागत लावून स्वत: नामानिराळा राहणारा गृहस्थ प्रत्येक गावात असतो, त्याचेच हे काम. एक कण शंभर वर्षे हा उद्योग करू शकतो.

रोगाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रथम अक्षराभोवती तपकिरी वलय उमटते, मग अक्षर मागल्या बाजूस दिसू लागते, मग बारीक तडे जातात आणि शेवटी अक्षराचा तुकडा गळून पडतो. जाड लिहिणाराचे कागद आधी मरतात, कारण शाई अधिक. सही आणि तिच्याखालची झोकदार रेघ ही तर हमखास जाते. ओल लागली की सारा वेग वाढतो. म्हणून आमच्या कोरड्या माळव्यातले कागद कोकणपट्टीपेक्षा पुष्कळ भाग्यवान, तरी चार महिन्यांचा पावसाळा आपल्यालाही आहेच.

कोकणपट्टीचे नाव निघाले तेव्हा गोव्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. पोर्तुगिजांनी १५९५ साली गोव्यात आपले दफ्तरखाने स्थापन केले आणि दियोगु दु कोतु या इतिहासकारास त्यावर नेमले. हिंदुस्थानातल्या युरोपीय दफ्तरांत हे फार जुने. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार वर्षाच्या मोसमी गलबतांबरोबर जाई-येई, म्हणून त्याच्या बांधीव ग्रंथांना मोसमाची पुस्तके असेच नाव पडले. १९३१ पासून या दफ्तराची धुरा वाहणारे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी त्यातूनच मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी धागे सोडवून दिले. पण हे सारे लिहिले आहे लोहशाईत, आणि राहिले आहे समुद्रकाठच्या दमट हवेत. शिवशाहीचा इतिहास एका बाजूने मोडीत, काजळाने लिहिला गेला आणि दुसऱ्या बाजूने पोर्तुगीज भाषेत, हिराकशीने. दोहोंच्या आयुष्यात एवढे अंतर पडावे हा काही इतिहासाचा न्याय नव्हे, निव्वळ दौतीचा प्रताप आहे.

युरोपात तर हा रोग घरोघरी. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथे लिहिले गेले ते बहुतेक याच शाईने. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्झ एर्ल यांनी १८९८ साली स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे देशोदेशीच्या ग्रंथपालांची परिषद बोलावली, ती मरणपंथास लागलेल्या हस्तलिखितांचे काय करावे याच विवंचनेने. पुराणलेखांच्या जतनासाठी भरलेली ती पहिली आंतरराष्ट्रीय परिषद होय. बाख या जर्मन संगीतकाराने स्वहस्ते लिहिलेल्या स्वरलिप्या बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहेत, त्यांनाही याच शाईने चाळणी केले. सुरांची काळी टिंबे गळून पडली आणि रेघा उरल्या. कुमार गंधर्वांच्या देवासला ही हळहळ समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडे गाणे कंठातून कंठात गेले याचा एरवी आपण खेद करतो, या एका बाबतीत ते बरे झाले म्हणायचे.

उपायांचा इतिहास मात्र उमेदीचा आणि निराशेचा सारख्याच प्रमाणात आहे. आम्ल हा शत्रू असे कळल्यावर अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी कागद चुन्याच्या निवळीतून काढून आम्ल मारण्याची रीत बसवली आणि सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद उष्णतेने व दाबाने चिकटवण्याचे यंत्र वापरात आणले. असली यंत्रे आपल्या देशाला परवडणारी नव्हती. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने (१८९१ साली कलकत्त्यास स्थापन झालेले जुने इम्पीरिअल रेकॉर्ड डिपार्टमेंट ते हेच) त्यातून आपली वाट काढली. पापुद्रा, पातळ टिश्यू कागद आणि ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, एवढ्यावर हाताने लॅमिनेशन करण्याची ही पद्धत साऱ्या जगात भारतीय पद्धत म्हणून ओळखली गेली. तिथल्याच वाय. पी. कठपालिया यांचा जतनशास्त्रावरील ग्रंथ युनेस्कोने १९७३ साली प्रसिद्ध केला. या पद्धतीने असंख्य कागद त्या काळी हाताळण्याजोगे झाले. आज तज्ज्ञ तिची शिफारस करीत नाहीत, कारण पापुद्रा कालांतराने स्वत:च आंबतो, काढणे जिकिरीचे होते आणि शाईतले मोकळे लोह आत जसेच्या तसे राहते. पण म्हणून त्या मंडळींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो आज कागद वाचवण्याचा, आणि त्यांच्या काळचे उत्तम ज्ञान त्यांनी वापरले.

नुसते आम्ल मारून भागत नाही, मोकळे लोह जखडले पाहिजे, हे नेदरलंड्समधील रसायनज्ञ योहान नेव्हेल यांनी १९९५ साली दाखवून दिले. त्यांनी जे द्रव्य निवडले ते पुन्हा आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. गहू-तांदळाच्या कोंड्यात आणि कडधान्यांत फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते. पोळीत कोंडा फार झाला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही, कडधान्य भिजवून मोड आणले म्हणजे ते बरेच सुटते, असे वैद्यकवाले सांगतात, ते या द्रव्यामुळे. फायटिक आम्ल लोहाला असे कवटाळते की ते मग कोणाच्याही कामाचे राहत नाही. शरीराला जो तोटा तोच कागदाला नफा! कागद आधी कॅल्शियम फायटेटच्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे मोकळे लोह जखडले जाते. त्यानंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात घालतात, म्हणजे आम्ल मरते आणि कागदाच्या तंतूंत खडूचा बारीक साठा मागे राहून पुढे उत्पन्न होणाऱ्या आम्लाचा बंदोबस्त होतो. शेवटी जिलेटिनचा पातळ हात देतात, गेलेली ताकद थोडी परत येते. क्रम उलटा करून चालत नाही. आणि लोह मोकळे आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी बॅथोफिनॅन्थ्रोलीन नावाच्या, उच्चारताना मास्तरांचीही जीभ अडखळेल अशा द्रव्यात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी असते. ती किंचित ओली करून शाईवर क्षणभर दाबली आणि गुलाबी-लाल झाली तर रोग चालू आहे असे समजावे. उपचारानंतर पट्टी पांढरी राहिली पाहिजे.

तांब्याचे प्रकरण याहून अवघड. फारसी पोथ्यांतून मजकुराभोवती जंगालाची हिरवी चौकट काढीत, जंगाल म्हणजे तांब्याचा गंज. ती रेघ कागद कापत जाते आणि एके दिवशी मधला सगळा मजकूर खिडकीतून पडावा तसा गळून पडतो. तांब्यावर फायटेटची मात्रा लोहाइतकी चालत नाही. स्लोव्हेनियातील संशोधकांनी याकरिता वेगळी द्रव्ये शोधण्याचे पुष्कळ काम केले आहे. आमच्याकडचे बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत आले आहेत, हे या संदर्भात आठवते. कीड मरते खरी, पण मोरचूद हे तांब्याचेच मीठ आहे.

मग हा फायटेटचा उपचार आपल्या बासनाला का लागू करू नये? इथे आपली अडचण युरोपीयांहून निराळी आहे, आणि बाहेरचे ग्रंथ वाचून उपचार करणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी. उपचार सारा पाण्यातला. लोहशाई पाण्यात टिकते, काजळाची शाई डिंकावर बसलेली असते आणि पाण्यात विरघळून वाहून जाते. आपल्याकडचा संस्थानी कागद पुष्कळदा मिश्र असतो : मधला मजकूर मोडीत, काजळाने, समासात इंग्रजी शेरा लोहशाईने, वर शिक्का, आणि तोही कशाचा कोण जाणे. अशा पानाला आंघोळ घातली तर शेरा वाचेल आणि मूळ अर्ज धुऊन जाईल. पाण्याऐवजी काही भाग मद्यार्क घालून, किंवा आंघोळ अजिबात न घालता जिलेटिन लावलेल्या अतितलम जपानी कागदाने तडे तेवढे सांधून, वाट काढावी लागते. या कागदावरचे जिलेटिन अगदी बेताच्या ओलीने जागे करतात. ओल जास्त झाली तर मोकळे लोह अक्षरातून निघून कोऱ्या जागेत पसरते आणि जिथे रोग नव्हता तिथे तो नेऊन बसवते. आपली ती कणकेची खळ आणि वरून पातळ कागदाचा डकवा, ही पिढीजात सेवा काजळाच्या कागदाला चालेल, लोहशाईच्या कागदाला ती घातक आहे.

हे सगळे कोणासाठी, असे कोणी विचारील. तहनामे दिल्लीत आहेत, फॉर्स्टरची देवासहून गेलेली पत्रे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात सुखरूप आहेत. १९१२ सालच्या नाताळात प्रथम देवासला आलेला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस झालेला हा इंग्रज लेखक, त्याच्या पत्रांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत. आम्हांस चिंता आहे ती अगदी साध्या कागदांची. आमच्या शाळेच्या दफ्तरात संस्थानी अमदानीतली दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. सरकारी नियमाप्रमाणे ती कायमच्या शाईने भरलेली, आणि त्या कायमच्या शाईने आपले काम चोख केलेले. काही वर्षांपूर्वी डोंगरपट्टीतला एक भिल्ल तरुण आपल्या आजोबांची नोंद शोधीत आला. अनुसूचित जमातीच्या कायम दाखल्यासाठी १९५० साली कुटुंबाचे वास्तव्य याच प्रदेशात होते असा पुरावा मागतात. जमीन नाही, खाते नाही, तेव्हा पुरावा म्हणजे शाळेचे रजिस्टर. आजोबा एकच वर्ष शाळेत होते, पण नाव होते, बापाचे नाव होते, गाव होते. दाखल तारखेच्या घरात दिवस, महिना आणि 'एकोणीसशे'चे दोन आकडे शिल्लक, पुढे फट.

मुलगा म्हणाला, "सर, नाव तर आहे ना?" नाव होते, पण सालावाचून त्या नावाचा कचेरीत उपयोग नव्हता. त्याआधी कोणीतरी, कोण ते विचारण्यात अर्थ नाही, त्या पानांवर चिकटपट्टी लावून ठेवली होती. तिचा चिकटा पिवळा पडून पुढची दोन पाने एकमेकांस धरून बसलेली. आमचे जुने लेखनिक मोठे धीराचे. त्यांनी रजिस्टर झटकू दिले नाही. मेजावर पांढरा कागद पसरून, रजिस्टर त्यावर आडवे ठेवून, शिवणीच्या खोबणीत मऊ कुंचला फिरवला. तांदळाच्या कण्यांएवढे तुकडे निघाले, वीस-पंचवीस. भिंगाखाली एकेक उलटसुलट करून पाहण्यात दुपार गेली. त्यांतल्या एकावर '४७' होते, आणि त्याची कड त्या फटीत बिनचूक बसली. तुकडा आम्ही चिकटवला नाही. जागेवर ठेवून छायाचित्र घेतले, पंचनामा केला, तुकडा लहान पाकिटात घालून पाकिटावर पानाचा व ओळीचा क्रमांक लिहिला, आणि छायाचित्रासह प्रमाणित नक्कल दिली. कचेरीत तीन हेलपाटे झाले. दाखला मिळाला तेव्हा वसतिगृहाच्या प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

प्रत्येक वेळी तुकडा खोबणीत सापडत नाही. कुठे शिपायाने दिवाळीची झाडलोट म्हणून रजिस्टरे अंगणात आपटलेली असतात, त्या धुळीत कोणाचे आजोबा गेले हे सांगता येत नाही.

तेव्हा घरी काय करावे, असे विचारणारांस आमचे सांगणे थोडके आहे. बाजारात प्लॅस्टिकच्या गरम लॅमिनेशनची दुकाने झाली आहेत, तिकडे जुना कागद मुळीच नेऊ नये, तो परत निघत नाही. चिकटपट्टी लावू नये. खळ लावू नये. तपकिरी अक्षराच्या कागदाची घडी उलगडून तो सपाट ठेवावा, कारण घडीवर अक्षर आले की ते प्रथम तिथेच तुटते. घडी मोडत नसेल तर जोर करू नये. काजळाचे आणि लोहशाईचे कागद वेगळे करावेत आणि त्यांच्यामध्ये आम्लरहित कागद घालावा. वर्तमानपत्राचा कागद नको, तो स्वत:च आम्लाचा आहे. बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची आजीची रीत चालू ठेवण्यास हरकत नाही, कागदाला ती टेकू नये एवढेच. सापाची कात ठेवण्याचा प्रघातही काही घरांत आहे. तिचा गुण आम्हांस दिसला नाही, अवगुणही नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. श्रावणात पेटी उघडू नये, मार्गशीर्षात उघडावी.

आणि छायाचित्र आधी घ्यावे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. खिडकीतला तिरपा उजेड घेऊन दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. अक्षर गळून गेले तरी पाठीमागे उतरलेल्या खुणेवरून कधी कधी ते वाचता येते, म्हणून मागची बाजू सोडू नये. छायाचित्र म्हणजे कागद नव्हे हे आम्ही जाणतो, शाईची परीक्षा छायाचित्रावर होत नाही आणि न्यायालयही मूळ मागते. तरी ते नसण्यापेक्षा बरे.

प्रत्यक्ष रासायनिक उपचार मात्र घरी करण्याचा मोह कोणी धरू नये, कोंडा घरात असला तरी. राष्ट्रीय अभिलेखागाराचे विभागीय कार्यालय भोपाळला आहे, राज्याचे अभिलेखागारही तिथेच आहे. मराठी-राजस्थानी कागदपत्रांचा मोठा संग्रह मंदसौर जिल्ह्यात सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानात आहे, तो महाराजकुमार रघुवीरसिंह यांनी सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या स्नेहात वाढवला. अशा ठिकाणी आधी पत्र पाठवून, छायाचित्र जोडून, विचारणा करावी. आमचे स्पष्ट मत असे की, जिल्ह्याच्या प्रत्येक जुन्या शाळेतल्या १९५० पूर्वीच्या रजिस्टरांची शाईची पट्टी लावून एकदा तपासणी व्हावी, आणि जी पाने लाल दाखवतील ती आधी उपचाराला जावीत. धार आणि देवास मिळून ही रजिस्टरे फार नाहीत. तहनाम्यापेक्षा त्यांचा अग्रक्रम वरचा आहे असे म्हटल्यास इतिहासाचे अभ्यासक आमच्यावर रागावतील. त्यांनी रागवावे. तहनाम्याच्या नकला छापून झाल्या आहेत, रजिस्टराची दुसरी प्रत कुठेच नाही.

ज्या वाचकांच्या बासनात संस्थानी शाळांचे दाखले, प्रगतिपुस्तके वा शिक्षकांच्या नेमणुकीचे हुकूम असतील त्यांनी त्यांच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आपापल्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे अवश्य पोचवावीत. रजिस्टरातली फट कधी कधी त्या दाखल्यावरून भरून निघते. मूळ कागद मात्र पाठवू नये. तो आपल्या बासनात, सपाट, कोरडा असू द्यावा.